सातारा-सांगलीच्या कोरड्या हवेत लिक्युआला पाम कसा जगवायचा

लिक्युआला ग्रँडिस हा मूळचा प्रशांत महासागरातल्या व्हानुआतू आणि सॉलोमन बेटांवरचा पाम. तिथल्या वर्षावनात तो उंच झाडांच्या सावलीत, दमट आणि बिनवाऱ्याच्या जागी वाढतो. उंची फार तर दहा फूट, आणि तीही कित्येक वर्षांनी. पान एकसंध, गोल, चुण्या पडलेलं आणि मोठं झाल्यावर दोन-तीन फूट रुंद. नर्सरीत तो 'फॅन पाम' नावानेही मिळतो, पण त्या नावाखाली इतरही पाम खपतात. पान बोटांसारखं खोल चिरलेलं असेल तर तो लिक्युआला ग्रँडिस नव्हे.

आपल्याकडे हा पाम मरतो तेव्हा लोक उन्हाळ्याला दोष देतात. सावलीतली उष्णता त्याला तितकी मारत नाही. त्याला मारतात दोन गोष्टी: फेब्रुवारी ते मे मधली कोरडी हवा आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी. या दोन्हींचा बंदोबस्त करता येत असेल तरच रोप घ्यावं.

कोयना खोरं, पाटण, जावळी, शिराळ्याचा पश्चिम भाग इथे काम सोपं आहे. सांगली, मिरज, कराड, इस्लामपूर इथे आडोसा आणि पाणी सांभाळलं तर जमतं. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात उघड्यावर ठेवू नका. तिथे बंद व्हरांडा किंवा सगळ्या बाजूंनी जाळी असलेलं शेडच हवं. महाबळेश्वर-पाचगणीला पाऊस भरपूर असला तरी हिवाळा आड येतो. पारा १० अंशांच्या आसपास उतरला की पानांवर तपकिरी डाग पडतात आणि वाढ थांबते. तिथल्या लोकांनी त्याऐवजी कॅमेडोरिया एलेगन्स लावावा. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला हा छोटा पाम थंडी जास्त सोसतो आणि घरातही सुखाने राहतो.

जागा पूर्वेची निवडा. सकाळी साडेआठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, त्यानंतर एक किरणही नको. शेडनेट लावायचं तर ७५ टक्क्यांचं हिरवं. आंब्याची किंवा चिकूची दाट सावली त्याहून चांगली, कारण झाडाखालची हवाही ओलसर राहते. पश्चिमेकडून वारा अडवणारी भिंत किंवा दाट झुडपं असायलाच हवीत. पावसाळ्यातला वारा पान चुण्यांवरून फाडतो आणि फाटलेलं पान पुन्हा सांधत नाही. देठाच्या कडांना काटे असतात, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेवर कुंडी ठेवू नका.

आपल्या नर्सऱ्यांमधली पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती घट्ट तांबड्या मातीचा गोळा असतो. तो गोळा तसाच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) हलक्या मिश्रणात ठेवला की पाणी बाजूच्या मिश्रणातून निघून जातं आणि मधला गोळा कोरडा राहतो. वरून कुंडी ओली दिसते, आत झाड तहानलेलं असतं. म्हणून लावण्याआधी गोळा बादलीत अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, बाहेरची साधारण एक सेंटिमीटर माती बोटांनी हलकेच सुटी करा आणि लावा. सगळी माती धुऊन मुळं उघडी करू नका. या पामाला मुळांची छेडछाड अजिबात सोसत नाही, आणि धक्का बसल्याचं पानांवर कळायला कित्येक आठवडे लागतात.

बारा इंची कुंडीसाठी मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे अर्धा इंची तुकडे ३ भाग, धुतलेलं कोकोपीट २ भाग, जांभ्याची बारीक खडी किंवा परलाइट (हलकी, फुगवलेली पांढरी खडी) २ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत १ भाग, लाकडी कोळशाचे तुकडे १ भाग. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण त्यात मीठ असू शकतं. काळी माती चिमूटभरही नको: ती पाणी धरून ठेवते, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती चुनखडीची असते. साखर कारखान्याची ताजी बगॅस (उसाचा चोथा) फुकट मिळते म्हणून घालू नका. ती कुजताना नत्र ओढून घेते आणि रोप पिवळं पडतं. भाताच्या तुसाची राखही टाळा, तिने सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) वाढतो. या झाडाला ६ ते ६.५ सामू मानवतो.

कुंडी बदलायची ती जून-जुलैत, हवा दमट झाल्यावर, आणि एका वेळी दोनच इंचांनी मोठी. खोडाचा बुंधा पूर्वी जितका मातीत होता तितकाच ठेवा.

आता पाणी. द्राक्षबागायतदारांकडे ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) असतं, ते एकदा बोअरच्या पाण्यात बुडवून पाहा. ०.५ च्या खाली आकडा (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) असेल तर निश्चिंत वापरा. १ च्या वर असेल तर पानांची टोकं जळणार हे धरून चाला. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या अनेक बोअरचं पाणी या झाडाच्या कामाचं नाही. सर्वांत चांगलं पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, मग २०० लिटरचं पिंप भरा आणि तोंडाला डासांची जाळी बांधा. ऑक्टोबर ते मे एका बारा इंची कुंडीला साधारण १२५ लिटर लागतं, म्हणजे एका पिंपात एक झाड आरामात निघतं. आरओ यंत्राचं शुद्ध पाणी चालतं. त्याचं टाकाऊ पाणी मात्र कधीही घालू नका, सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात.

हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा एकेक लिटर, मार्चपासून एक दिवसाआड दीड लिटर हा अंदाज. खरा निर्णय बोटाने करा: वरचा एक इंच सुकला आणि खाली ओल लागली की पाणी द्यायची वेळ झाली. हा पाम पूर्ण सुकलेला एकदाही चालत नाही आणि पाण्यात उभा राहिलेलाही चालत नाही. ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका, पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर चढवा. बोअरचं पाणी घालावंच लागत असेल, तर महिन्यातून एकदा आठ-दहा लिटर पावसाचं किंवा आरओचं पाणी सावकाश ओतून साठलेले क्षार खालून वाहू द्या.

हवेतल्या ओलाव्यासाठी नुसती फवारणी पुरत नाही, ती दहा मिनिटांत उडून जाते. कुंडीच्या आजूबाजूला फर्न, अळू, कॅलाथिया अशी पाणी आवडणारी झाडं दाट लावा. कुंडीखाली रुंद ट्रेमध्ये विटांचे तुकडे आणि पाणी ठेवा, तळ पाण्याला न लागता. एप्रिल-मेमध्ये वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा आणि दुपारी जमीन शिंपडा. घरात असेल तर एसीच्या झोतात नको.

खत जून ते ऑक्टोबर एवढंच. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरला सावकाश विरघळणारं, सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं दाणेदार खत १५ ग्रॅम, सोबत निंबोळी पेंड ३० ग्रॅम. युरिया नको. एप्रिल-मेमध्ये कसलंही खत घातलं तर क्षार वाढून कोवळी मुळं जळतात.

झाड आजारी दिसलं की आधी कोणतं पान बिघडलं ते पाहा. जुन्या पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी झाली असतील तर पाण्यातले क्षार किंवा कोरडी हवा. जुनं पान कडेने पिवळं आणि मध्ये हिरवं असेल तर मॅग्नेशियम कमी: मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारा. नवं पान फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. बहुतेक वेळा लोह मातीत असतंच, पण सामू वाढल्यामुळे किंवा मुळं चिंब राहिल्यामुळे ते उचललं जात नाही. इथे ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं) लिटरला १ ग्रॅम ओता. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या पाण्यात टिकत नाही. पिवळं पडत चाललेलं जुनं पान घाईने कापू नका, झाड त्यातलं पोटॅश आणि मॅग्नेशियम नव्या पानासाठी ओढत असतं. पूर्ण सुकल्यावरच काढा.

पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळं म्हणजे लाल कोळी, कोरड्या हवेची ठरलेली कीड. चुण्यांच्या आतून पाण्याचा जोर मारून धुवा, दर चार दिवसांनी तीनदा. घरात द्राक्षासाठी आणलेलं पाण्यात मिसळणारं गंधक असेल तरी उन्हाळ्यात ते मारू नका, कडक उष्णतेत पान भाजतं. पिठ्या ढेकूण देठांच्या बेचक्यात लपतो: स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणासह संध्याकाळी फवारा.

कोंब कुजण्याची भीती सर्वांत मोठी. पामाला एकच शेंडा असतो, तो गेला की झाड गेलं. शेंड्यातलं न उलगडलेलं पान हलक्या हाताने ओढून पाहा. ते निसटून आलं आणि बुडाशी घाण वास आला तर कुज सुरू झालेली आहे. कुजलेला भाग काढा, मेटालॅक्झिल-मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम करून शेंड्यात ओता आणि आठवडाभर शेंड्यात पाणी जाऊ देऊ नका. लवकर पकडलं तरच वाचतं.

जमिनीत लावायचं असेल तर काळ्या रानात खड्डा घेऊ नका, पहिल्या जोरदार पावसात त्याचा हौद होतो. त्याऐवजी जांभ्याची माती आणि पालापाचोळा यांचा दीड फूट उंच वाफा करा. वर चार इंच उसाचं पाचट पसरा, बुंध्यापासून एक वीत दूर.

बी मिळालं तर ताजंच हवं, सुकलेलं उगवत नाही. फळ लाल झाल्यावर दोन दिवस भिजवून गर काढा आणि ओलसर कोकोपीटसोबत झिपच्या पिशवीत भरा. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. उगवणीला २८ ते ३२ अंश लागतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत कितीही वेळ लागू शकतो, तोवर पिशवी फेकू नका. कोंब बियाला चिकटून येत नाही. आधी खाली दांडी उतरते आणि तिच्या टोकापासून मुळं व पान फुटतात. म्हणून दांडी दिसताच रोप सात-आठ इंच खोल पिशवीत हलवा, बी जेमतेम झाकेल इतकंच वर ठेवा आणि पुढचे दोन पावसाळे ती पिशवी बदलू नका.