शिंप्याला ठाऊक होतं

गेली अकरा वर्षं मी ब्लाऊज एकाच काकांकडे शिवते. मध्यंतरी एका लग्नाच्या घाईत दुसरीकडे टाकला, तर तो उजव्या खांद्यावरून सारखा घसरायला लागला. दुरुस्तीला काकांकडे घेऊन गेले. त्यांनी कापड हातातही घेतलं नाही. म्हणाले, "ताई, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. मी कायम तसाच कापतो. त्या बिचाऱ्याला कुठनं कळणार?" आणि मापांची जुनी वही काढून दाखवली. माझ्या नावापुढे छाती, कंबर, बाही आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरात 'उ. खां. अर्धा कमी'.

तेव्हा मी एक्केचाळीसची होते. बँकेत काउंटरवर बसून वीस वर्षं झाली होती. शिक्के उजव्या हाताशी, खणही उजवीकडे खाली, स्क्रीन डावीकडे. पर्स उजव्या खांद्याला. घरी आरशात रोज बघत होतेच, पण आरशात आपण केस आणि कुंकू बघतो, खांदे कोण बघतं? त्याच वर्षी मान धरायला लागली होती, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मैत्रिणीच्या ओळखीने मी घराजवळच्या योगवर्गात नाव घातलं. त्याला आता सहा वर्षं झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांपैकी बरेच जण मला एकच विचारतात, "तुझे हात पायाला लागतात का?" लागतात, बहुतेक दिवशी. पण मला जे मिळालं ते वेगळंच आहे: आपलं शरीर कुठे, कसं आहे याची आतून येणारी जाणीव. आणि ती मिळायला वाकता येण्याची गरज नव्हती. म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिल्या दिवशी बाईंनी ताडासन करायला सांगितलं. म्हणजे नुसतं उभं राहायला. मनात म्हटलं, यासाठी पैसे भरले? "वजन दोन्ही पायांवर सारखं घ्या," बाई म्हणाल्या. घेतलं. "घेतलं?" हो. बाई शेजारी येऊन म्हणाल्या, "डाव्या पायाची बोटं उचला बघू." झटकन उचलली. "आता उजव्या." ती जमिनीला चिकटल्यासारखी. सगळा भार त्या पायावर आणि मला पत्ता नाही.

माझा विश्वास बसला नाही. घरी शेजारणीचा वजनकाटा मागून आणला, आमचाही तसाच होता. दोन्ही शेजारी ठेवले, एकेका काट्यावर एकेक पाय, डोळे मिटले, अगदी सारखं वाटेपर्यंत इकडेतिकडे झुलले आणि मुलाला आकडे वाचायला सांगितले. उजवीकडे ३५, डावीकडे २७. आठ किलोंचा फरक, आणि मला तो 'सारखं' म्हणून जाणवत होता. मग मुद्दाम आकडे समान होतील असं उभं राहिले, तर आपण डावीकडे कलंडतोय असं वाटायला लागलं. हा प्रयोग प्रत्येक नवख्याने एकदा करावा. काटे एकसारखे हवेत, एवढंच.

पुढे यामागचं कारण वाचलं. डोळे मिटूनही आपल्याला हात कुठे आहे हे कळतं, कारण स्नायूंमध्ये, कंडरांमध्ये आणि सांध्यांत ताण आणि कोन टिपणारे बारीक संवेदक असतात. या जाणिवेला शास्त्रीय नाव दिलं ते चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, १९०६ साली. पण मेंदू हे निरोप कोरे वाचत नाही. रोज जो निरोप येतो तो त्याला नेहमीचा होतो आणि नेहमीचा म्हणजे सरळ, असं तो धरून चालतो. म्हणून वाकडं उभं राहणाऱ्याला आपण वाकडे आहोत हे आतून कळत नाही. बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं. शिंप्याने, काट्याने, भिंतीने.

आमच्या वर्गात हे काम भिंत करायची. वर्ग अय्यंगार पद्धतीचा. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते योग शिकवायलाच, तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे. लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षय असं सगळं भोगलेलं शरीर घेऊन आले होते. विटा, पट्टे, दोर, खुर्च्या, लोड अशी साधनं आसनांत आणणं हे त्यांचं वैशिष्ट्य. मला आधी वाटायचं, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी या कुबड्या असतात. तो समज त्रिकोणासनाने काढला.

त्रिकोणासन मला 'येत' होतं. पाय साडेतीन फूट लांब, उजवं पाऊल बाहेर वळवायचं, कमरेतून उजवीकडे जायचं, उजवा हात खाली, डावा वर. माझा हात थेट घोट्याला लागायचा आणि मला त्याचा गर्व होता. एक दिवस बाईंनी पाठ भिंतीकडे करून तेच करायला लावलं. "पार्श्वभाग, दोन्ही खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला हवी." केलं. उजवा कुल्ला भिंतीत घुसलेला आणि डावा खांदा भिंतीपासून वीतभर पुढे! म्हणजे इतके दिवस मी बाजूला जातच नव्हते, पुढे वाकून घोटा पकडत होते. बाईंनी घोट्याच्या बाहेरच्या अंगाला वीट उभी ठेवली, त्यावर हात टेकायला लावला आणि म्हणाल्या, "आता डावी छाती छताकडे वळवा." कशी वळवायची? डावी छाती नावाचा वेगळा अवयव मला आहे हेच माहीत नव्हतं. दोन-तीन श्वास नुसतीच धडपड. मग डाव्या बरगड्यांच्या मागे, खांद्यामागच्या पसरट हाडाच्या खाली काहीतरी हललं. अगदी थोडं, कान हलवायला शिकताना हलतो तितकं. आणि डावा खांदा भिंतीला टेकला. हात घोट्यापासून वीटभर वर होता, पण त्रिकोणासन मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

भिंतीचं काम एवढंच नाही. दर वेळी भिंत शोधत बसायचं नाही, तिने जे दाखवलं ते लक्षात ठेवून मोकळ्या जागेत करून बघायचं, मग परत भिंतीशी येऊन ताडून पाहायचं. माझा अंदाज आणि भिंत यांचं जुळायला साधारण चार महिने लागले. तेही त्रिकोणासनापुरतं.

अजून एक युक्ती आहे, ती बाई फार वापरत. कुठलंही आसन एकाच बाजूला करायचं आणि दुसरी बाजू लगेच न करता मिनिटभर डोळे मिटून उभं राहायचं. उजवा पाय लांब वाटतो, तळवा गरम वाटतो, त्या बाजूच्या बरगड्या श्वासाबरोबर जास्त उघडतात. केलेली बाजू आणि राहिलेली बाजू यांतला फरक इतका ठळक असतो की ज्यांना "मला काहीच जाणवत नाही" असं वाटतं त्यांनाही तो कळतो. शरीराला नुसतं 'कसं वाटतंय' विचारलं तर ते गप्प बसतं. 'दोन्हींत काय फरक आहे' असं विचारलं की बोलतं. घरी एकट्याने करणाऱ्यांना मी हीच युक्ती आधी सांगते.

आता चुकलेलं सांगते. दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात मी एका बाहेरच्या शिबिराला गेले. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे बसून पाय समोर लांब करून पुढे वाकतात त्यात, शिकवणाऱ्यांनी मागून पाठीवर हात ठेवून दाबलं. डाव्या बैठकीच्या हाडाशी चटका बसला. त्या क्षणी मला स्पष्ट कळलं होतं की हे नको, पण सगळे करत होते, आणि मला 'छान, अजून' असं ऐकायला आवडत होतं. पुढचे आठ महिने पुढे वाकणं बंद, लांब गाडी चालवणं बंद. मांडीच्या मागचे स्नायू त्या हाडाला जिथे चिकटतात तिथली दुखापत फार हळू भरते. दाबणाऱ्याची चूक होतीच. पण कळूनही मी बोलले नाही, ही माझी.

म्हणून नवख्यांनी दोन प्रकारचे ताण पहिल्याच महिन्यात ओळखायला शिकावेत. मांडीच्या मागे मधोमध पसरट, ओढल्यासारखा ताण येतो आणि श्वास सोडला की थोडा सैल पडतो, तो चालेल. हाडाशी किंवा सांध्याशी बोट ठेवून दाखवता येईल असा टोकदार चटका, मुंग्या, पायात उतरणारी कळ आली की बाहेर यायचं, कोणी काही म्हणो. हिसका तर द्यायचाच नाही. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो ना, तेच तत्त्व: स्नायू झटक्यात ताणला की तो उलट आखडतो. सावकाश गेलं तर सोडतो. पतंजलीचं 'स्थिरसुखमासनम्' सगळे म्हणून दाखवतात, त्यापुढचं सूत्र प्रयत्न सैल करण्याबद्दल आहे हे फारसं कोणी सांगत नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामची परंपरा या अंगाने जाते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती संस्था काढली आणि योगक्रियांचा क्ष-किरणांनी, दाबमापकांनी अभ्यास केला. तिथे शिकलेली माझी एक सहकारी आसनात कमीत कमी जोर लावायचा म्हणते, आमच्या बाई गुडघ्याच्या वाट्या वर खेचायला सांगतात. आम्ही दोघी डब्याच्या वेळी यावर वाद घालतो. नवख्याने मात्र वर्षभर तरी एकाच पद्धतीत राहावं, नाहीतर कुठल्या सूचनेने काय झालं ते कळत नाही.

वर्ग निवडताना मी एवढंच बघेन: शिकवणारी व्यक्ती समोर स्वतःची आसनं करत राहते की हिंडून तुमच्याकडे बघते? हात लावण्याआधी विचारते का? रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास, गरोदरपण यांची चौकशी पहिल्या दिवशी होते का? काचबिंदू किंवा न आटोक्यातला रक्तदाब असलेल्याला सरसकट शीर्षासनात उभं करणाऱ्या वर्गातून चपला घालून सरळ निघावं. मोबाईलवर बघून करायचं तर करा, पण मोबाईल तुम्हाला बघत नाही. २१ जूनला योगदिनी सोसायटीच्या आवारात जे होतं ते मी यात धरत नाही, तिथला उपमा चांगला असतो.

घरी रोज वीस मिनिटं पुरतात. मी पहिले तीन महिने चारच आसनं करत होते: ताडासन, भिंतीशी त्रिकोणासन, खुर्चीला हात टेकून अर्धं उत्तानासन (उभ्याने पुढे वाकणं), शवासन. साधनं विकत घेतली नाहीत. पट्ट्याच्या जागी सुती ओढणी, लोडाच्या जागी दोन चादरींची घट्ट वळकटी, विटेच्या जागी जुन्या दिवाळी अंकांचा दोरीने बांधलेला गठ्ठा. आणि एक छोटी वही. तिच्यात रोज एकच ओळ, आज काय नवीन कळलं त्याची. 'डाव्या पायाच्या करंगळीखालचा तळवा टेकत नाही.' 'श्वास घेताना उजवी बाजू आधी भरते.' काही दिवस 'काही नाही' एवढंच. चालतं.

शवासन मला सगळ्यांत जड गेलं. त्यात करायचं काहीच नसतं. दोनेक महिन्यांनी कळलं की मी पडल्यापडल्या जीभ टाळूला दाबून धरते. ती सोडली तर जबडा सुटला, जबडा सुटला तर मानेचा मागचा भाग जमिनीकडे उतरला. मग बँकेत लक्ष गेलं: रांगेत कोणी आवाज चढवला की जीभ जाऊन टाळूला चिकटते. आधी जीभ, मग खांदे कानांकडे, आणि संध्याकाळी मान धरते. मानेचं दुखणं जिभेपासून सुरू होतं असं मला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं नसतं, आणि माझ्यापुरतं ते खरं आहे. स्वयंपाकघरातही तसंच. कणीक मळताना मी पोट ओट्याला टेकवून उजव्या पायावर उभी असते. आता लक्षात आलं की पाय बदलते. नाही आलं तर नाही.

एक धोका सांगून ठेवते. जाणीव वाढायला लागली की काही दिवस माणूस शंकेखोर होतो. मला प्रत्येक कळ जाणवायला लागली आणि रात्री मोबाईलवर रोग शोधायची सवय लागली. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जाणवलं की आधी श्वासाबरोबर ते बदलतं का बघा. बदलत असेल तर राहू द्या. न बदलता आठवडाभर राहिलं तर डॉक्टरांकडे जा. मोबाईलकडे नको." अजून तोच नियम पाळते.

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी ब्लाऊज टाकायला काकांकडे गेले. आदल्या रात्री नागपूरहून एसटीने आले होते, खिडकीला डोकं टेकून रात्रभर उजवीकडे कलून झोपलेली. काका टेप गळ्यातून काढत होते तेवढ्यात मी म्हटलं, "काका, आज अर्धा नाही, पाऊण असेल बघा."

त्यांनी खांद्यावर टेप धरला. पुन्हा धरला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाऊण आहे. पण मी अर्ध्यानेच कापतो. लग्नघरात जायच्या आधी झोप काढा जरा."