रेडिएटरच्या जाळीला खडी लागली? या चुका टाळा

पुढे खडीने भरलेला डंपर, वर ताडपत्री नाही आणि ओव्हरटेकला जागाही नाही. अशा वेळी काचेला तडा गेला तर लगेच कळतं. बंपरच्या फटीतून आत गेलेला खडा मात्र कळत नाही. मग एप्रिल-मेच्या उन्हात, एसी चालू ठेवून खंबाटकीचा चढ चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागतो.

पहिली चूक पाहण्यातच होते. बंपरमधून डोकावल्यावर समोर दिसते ती जाळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरची नसतेच, ती एसीच्या कंडेन्सरची (एसीचा गॅस थंड करणाऱ्या भागाची) असते. इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर तिच्या लगेच मागे असतो. खड्यांचा पहिला मार कंडेन्सरच खातो. म्हणून समोरच्या फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) वाकलेल्या पाहून रेडिएटर बदलायला निघू नका, आणि समोर स्वच्छ दिसतंय म्हणून निर्धास्तही राहू नका. खरा कचरा या दोन जाळ्यांच्या मधे अडकतो: धूळ, पहिल्या पावसातली पाखरं, पिशव्यांचे तुकडे, ऊसपट्ट्यात गळीत हंगामात उडणारं पाचट. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टॉर्चच्या उजेडात वरून पाहा.

फिन्समधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, वाहत नाही. तो चपट्या नळ्यांतून वाहतो आणि नळ्यांची उष्णता हवेला देणं एवढंच फिन्सचं काम. त्यामुळे इकडे-तिकडे चार फिन्स वाकल्या तर काही बिघडत नाही. मोठा पट्टा दबला किंवा नळीला मार बसला, तरच काळजी करा. नळी गळत असेल तर तिथे हिरवट किंवा गुलाबी डाग वाळलेला दिसतो. कंडेन्सरवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर एसीचा गॅस गळत असण्याची शक्यता मोठी.

वाकलेल्या फिन्स स्क्रूड्रायव्हरने सरळ करायला जाऊ नका. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहूनही पातळ ते ॲल्युमिनियम असतं, दोनदा वाकवलं की तुटतं, आणि हात सटकला तर टोक थेट नळीत घुसतं. फिन्स सरळ करायची प्लास्टिकची फणी मिळते, ती वापरा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र धुण्यात होतं. खड्याने एक-दोन ठिकाणी खड्डा पडतो, पण वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर जेट जवळून मारला तर वीतभर जाळी एका फटक्यात सपाट होते. शिवाय समोरून मारलेलं पाणी घाण आणखी आत ढकलतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, साध्या नळाच्या पाइपने, जमेल तिथे इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला पाणी सोडा. चिकट घाणीला गाडीचा शांपू पुरे, ॲसिड नको. चावी काढा, तरीही हात फॅनपासून लांब ठेवा, कारण काही गाड्यांत बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

गाडी गरम झाली की लगेच जाळीला दोष देणं हीही चूकच. सिग्नलला गरम होते पण हायवेवर काटा खाली येतो? मग आधी फॅन, त्याचा फ्यूज आणि रिले (फॅनला वीज देणारा स्विच) तपासा. सिग्नलला ठीक, पण चढावर किंवा वेगात गरम होत असेल तर जाळी बाहेरून किंवा आतून चोंदल्याचा संशय घ्या. दोन्हीकडे आधी कूलंटची पातळी पाहा, पण गरम इंजिनचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट अंगावर उसळतं.

गळती थांबवायला हळद टाकण्याचा जुना ट्रकवाल्यांचा उपाय अजून सांगितला जातो. आजच्या अरुंद नळ्यांत ती हळद गळतीच्या जागीच थांबत नाही, चांगल्या नळ्याही बुजवते. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरीचीही तीच भीती. अगदीच अडलात तर गॅरेजपर्यंत पोहोचायला वापरा, नंतर सिस्टीम फ्लश करून (आतून धुऊन) घ्या.

बंपरच्या आत संरक्षक जाळी बसवायची असेल तर मोठ्या छिद्रांची बसवा. मच्छरदाणीची जाळी लावली तर खडे अडतील, पण हवाही अडेल आणि धुळीने ती आठवड्यात बुजेल.

नळीच फुटली असेल तर जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरसारखं सोल्डरचा डाग देऊन भागत नाही. ॲल्युमिनियमच्या जाळीला लावलेला एम-सील दाब आणि उष्णतेपुढे फार टिकत नाही, रेडिएटर बदलावाच लागतो. नवा बसवल्यावर कूलंट भरताना आतली हवा नीट काढून घ्या. हवा अडकली तर नव्या रेडिएटरसकट गाडी पुन्हा गरम होईल.