घरच्या इंजिनाला ऑनलाइन स्पर्धेत उतरवताना

माझ्या बुद्धिबळाच्या इंजिनाचं, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव 'उंटावरचा शहाणा'. सर्व्हरवर नुसतं 'शहाणा'. दिवसा मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशिनांचे प्रोग्रॅम लिहितो, रात्री याचा. इंजिन लिहायचं कसं, ते इथे सांगत नाही. तुमचं लिहून झालंय, तुम्हाला ते हरवतंय आणि आता दुसऱ्यांच्या इंजिनांशी भिडवायची खुमखुमी आलीये, असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नवी इंजिनं पटावरच्या डावपेचात हरतात त्यापेक्षा जास्त वेळा घड्याळात, तुटलेल्या कनेक्शनमध्ये आणि नियमबाह्य चालीत हरतात. त्यामुळे स्पर्धा ठरली की 'अजून थोडी ताकद वाढवू' हा मोह सोडायचा आणि जे आहे ते न अडखळता चालेल एवढंच बघायचं.

स्पर्धा दोन तऱ्हेच्या असतात. एकीत तुम्ही प्रोग्रॅम पाठवता आणि आयोजक आपल्या मशिनवर चालवतो. टीसीईसी ही इंजिनांची मोठी स्पर्धा तशी, पण तिथे स्टॉकफिश आणि लीला झिरो ही अव्वल इंजिनं बसलीत. आपल्याला बोलावणं येईपर्यंत वेळ आहे. दुसरीत इंजिन तुमच्याच घरच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि चाली इंटरनेटवरून जातात. मी या दुसरीबद्दल बोलतोय.

पहिली परीक्षा परफ्टची. सुरुवातीच्या मांडणीपासून ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे ठरावीक चाली पुढपर्यंत, एकूण किती चालक्रम निघतात ते मोजायचं. बरोबर आकडे ठरलेले आहेत: २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१, ४८,६५,६०९. एकाचा जरी फरक आला तरी कुठेतरी चूक आहे. पण एवढ्यावर खूश होऊ नका, कारण या मांडणीत कॅसलिंगच्या आणि प्यादं बढतीच्या भानगडी इतक्या लवकर येतच नाहीत. त्यासाठी 'किवीपीट' नावाची प्रसिद्ध मांडणी आहे. तिचे आकडे ४८, २,०३९, ९७,८६२, ४०,८५,६०३.

सगळ्यात चिवट किडा 'आँ पासाँ'मध्ये, म्हणजे दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारण्याच्या नियमात, लपतो. पांढरा राजा ए५ वर, त्याचं प्यादं बी५ वर, काळा हत्ती एच५ वर. काळा सी७ वरचं प्यादं सी५ ला आणतो. आता पांढऱ्याने ते आँ पासाँ मारलं तर बी५ आणि सी५ ही दोन्ही घरं एकाच चालीत रिकामी होतात आणि हत्तीचा शह थेट राजावर येतो. म्हणजे ही चाल बेकायदा. बहुतेक नवी इंजिनं प्यादं पिन झालंय का, म्हणजे ते एकटं हललं तर राजा उघडा पडतो का, एवढंच तपासतात. इथे मध्ये दोन प्यादी असल्यामुळे ते पिन ठरत नाही आणि चाल निसटते. मारून बघा, राजावर शह येतो का पाहा, येत असेल तर चाल रद्द. हाच सरळ उपाय. थोडा वेळ जास्त जातो, जाऊ द्या.

यानंतर इंजिन आणि त्याला चालवणारा प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती भाषा. युसीआय हा प्रोटोकॉल रुडॉल्फ ह्यूबर आणि 'श्रेडर' इंजिनाचे श्टेफान मायर-काहलेन यांनी २००० साली आणला आणि आज जवळपास सगळीकडे तोच चालतो. समोरून 'इज रेडी' आलं की 'रेडी ओके' म्हणायचं, 'गो' आलं की विचार करून 'बेस्टमूव्ह' सांगायची. सोपं आहे. दोनच खाचखळगे. एक, प्रत्येक ओळ छापल्यावर आउटपुट फ्लश करा. नाहीतर इंजिनाने उत्तर दिलेलं असतं, ते बफरमध्ये पडून राहतं आणि समोरचा प्रोग्रॅम वाट बघत बसतो. दोन, विचार चालू असतानाही 'स्टॉप' आणि 'इज रेडी' ऐकू आलं पाहिजे. इनपुट वाचायला वेगळा थ्रेड ठेवा.

चाली 'पोझिशन'बरोबर सुरुवातीपासून सगळ्या येतात. त्या प्रत्येक स्थितीचा हॅश, म्हणजे ती स्थिती ओळखायचा आकडा, साठवा. तिहेरी पुनरावृत्ती न कळणारं इंजिन हत्तीने पुढे असताना तेच ते शह देत बसतं आणि अर्धा गुण घालवतं.

आता घड्याळ. पाच मिनिटं अधिक प्रत्येक चालीला तीन सेकंद, असा वेळ समजा. सोपा हिशोब सगळे करतात: उरलेल्या वेळेचा पंचविसावा भाग अधिक इन्क्रिमेंट, म्हणजे चालीमागे मिळणारे सेकंद. सुरुवातीला तीनशे सेकंद, म्हणजे बारा अधिक तीन, पंधरा सेकंद. छान वाटतं. पण प्रत्येक चालीला मिळणारे तीनही सेकंद तुम्ही खर्चात धरलेत, त्यामुळे साठा फक्त घटतच जातो. लांबलेल्या डावात चार-पाच सेकंद उरतात, वरून लॅग, म्हणजे चाल इंटरनेटवरून पोचण्यात जाणारा वेळ, आणि निशाण पडतं, वेळेवर डाव जातो. तीनऐवजी दोनच सेकंद धरा. मग साठा घटत घटत पंचवीस सेकंदांपाशी थांबतो, कारण तिथे खर्च एक अधिक दोन आणि जमा तीन. चालीमागे सेकंदाचा पाचवा भाग लॅगमध्ये गेला तरी वीस सेकंदांची गंगाजळी कायम राहते. शिवाय वर एक कडक मर्यादा: काहीही झालं तरी उरलेल्या वेळेपैकी एक ठरावीक भाग सोडून बाकीच्यालाच हात लावायचा.

वेळ संपली हे इंजिनाला कळलंही पाहिजे. दर २,०४८ स्थितींनंतर घड्याळ बघा आणि वेळ झाली की शेवटच्या पूर्ण झालेल्या खोलीची चाल द्या. अर्धवट खोलीचं उत्तर कधी बरं असतं, कधी भलतंच. 'अजून एक खोली पूर्ण करू आणि मग सांगू' म्हणणाऱ्या इंजिनाची चाल म्हणजे वरातीमागून घोडं.

हे झालं की घरातच सामने लावा. इंजिनांचे सामने लावणाऱ्या क्यूटचेस या प्रोग्रॅमचं कमांड लाइन रूप त्यासाठी उत्तम. प्रतिस्पर्धी आपल्या वकुबाचे घ्या: टीएससीपी किंवा मायक्रो-मॅक्स ही छोटी इंजिनं. स्टॉकफिशशी खेळवून काही कळत नाही, प्रत्येक डाव हरणारच. रात्रभर काहीशे डाव चालू द्या आणि सकाळी निकालाआधी डाव संपल्याची कारणं वाचा. 'वेळ संपली', 'बेकायदा चाल', 'कनेक्शन थांबलं' यांतलं एकही दिसलं तर नाव नोंदवू नका. हात दाखवून अवलक्षण कशाला?

आता खात्याचं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर बॉटसाठी, म्हणजे इंजिन खेळवायच्या खात्यासाठी, नवं कोरं खातं लागतं. त्यावर आधी एकही डाव खेळलेला चालत नाही आणि एकदा बॉट केलं की परत माणसाचं होत नाही. स्वतःच्या जुन्या खात्यावर हा प्रयोग करू नका. मग बॉट म्हणून खेळायची परवानगी असलेलं टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) काढा आणि 'लिचेस-बॉट' हा पायथनमधला दुवा त्या टोकनाने चालवा. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन गोष्टी बघा. एका वेळी एकच डाव. दोन डाव चालले की प्रोसेसर वाटला जातो. मूव्ह ओव्हरहेड, म्हणजे लॅगपोटी राखून ठेवलेला वेळ. आणि ऑनलाइन चाली बंद. हा पर्याय चालू असेल तर बॉट बाहेरच्या डेटाबेसमधून चाली उचलतो. मग तुमचं इंजिन खेळलं असं कसं म्हणायचं?

फिक्स (फ्री इंटरनेट चेस सर्व्हर) सारख्या जुन्या धाटणीच्या सर्व्हरवर कॉम्प्युटरची खाती वेगळी नोंदलेली असतात, साध्या खात्यावरून इंजिन खेळवणं सरळ फसवणूक. नावात फक्त अक्षरं, तीन ते सतरा. तिथे विनबोर्ड किंवा एक्सबोर्ड हा पटाचा प्रोग्रॅम लागतो, आणि इंजिन युसीआयचं असेल तर मध्ये पॉलिग्लॉटचा दुभाष्या. टाइमसील हा छोटा प्रोग्रॅम जरूर लावा. लॅगमध्ये गेलेला वेळ त्याच्यामुळे तुमच्या नावावर पडत नाही.

अर्जात काय आपलं आणि काय उसनं, ते लिहा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. २०११ साली आयसीजीए या संघटनेने फ्रूट आणि क्राफ्टी या इंजिनांमधला कोड उचलल्याचा ठपका ठेवून 'रिबका' इंजिनाची २००७ ते २०१० ची जगज्जेतेपदं काढून घेतली. स्टॉकफिशचं लायसन्स कोड घ्यायला परवानगी देतं हे खरं, पण लायसन्सची परवानगी वेगळी आणि स्पर्धेतली स्वनिर्मितीची अट वेगळी. न्यूरल नेटवर्क दुसऱ्या कुणाच्या डेटावर शिकवलं असेल तर आयोजकाला आधीच विचारा. ओपनिंग बुक (सुरुवातीच्या चालींचा साठा) आणि सिझिजी टेबलबेस (पटावर थोडीच मोहरी उरल्यावरची तयार उत्तरं) बहुतेक ठिकाणी चालतात. पाच मोहऱ्यांपर्यंतचे टेबलबेस एक जीबीच्या आत बसतात; सहाचे दीडशे जीबी, पहिल्या स्पर्धेला त्यांची गरज नाही.

वेळापत्रक नीट वाचा. आयोजक युरोपातले असतील तर जर्मनी-फ्रान्सच्या घड्याळानं संध्याकाळी सहाची फेरी आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला येते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ सरकतं, आपलं नाही. नेमक्या त्या आठवड्यात लोक एका तासाने चुकतात: मार्चमध्ये उशिरा हजर होतात, ऑक्टोबरमध्ये आधीच.

फेरीआधी विंडोजचे अपडेट थांबवा, स्लीप बंद करा, ब्राउझरचे टॅब मिटा. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते म्हणून राउटर छोट्या यूपीएसवर ठेवलाय. मोबाइल हॉटस्पॉटवर उडी मारली की जुनं कनेक्शन तुटतंच, तेव्हा मधल्या डावातून परत जोडून घेण्याचा सराव आदल्या दिवशी मुद्दाम वायर उपटून करा.

डाव सुरू झाला की हात मागे. कनेक्शन जोडणं तुमचं काम, चाल सुचवणं किंवा मध्येच सेटिंग बदलणं नाही. प्रतिस्पर्ध्याला चॅटवर नमस्कार घाला. तोही कुठेतरी असाच स्वतःच्या प्रोग्रॅमसमोर बसलेला असतो. इंजिनाचं लॉग फाइलमध्ये जातंय ना, तेवढं पहिल्या पाच चालींत तपासा, आणि फेऱ्यांच्या मध्ये हरलेल्या डावाचा राग येऊन कोडला हात लावू नका. दुरुस्ती सोमवारी.