पोरांना अजिंक्यताऱ्यावर न्यायचंय? मग असं करा

साताऱ्यात पोरांना निसर्ग दाखवायचा म्हटलं की पहिलं नाव कासचं निघतं. कास बघावंच, पण तिथं सात-आठ वर्षांच्या पोराला आपण दिवसभर काय सांगतो, तर फूल तोडू नको, वाटेबाहेर जाऊ नको, हात लावू नको. ते बरोबरच आहे म्हणा, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं पठार आहे ते. पण या वयात हात मातीत गेले पाहिजेत, आणि त्याला आपला अजिंक्यतारा गड बरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. गाडी बरीच वर जाते पण खालीच लावा नि चालत चढा. चार-पाच पोरांमागं दोन मोठी माणसं, एक पुढं आणि एक सगळ्यात शेवटी. हे शेवटचं माणूस विसरू नका, पहिल्यांदा मी अकरा पोरं घेऊन एकटाच गेलो होतो, एक जण मुंगळ्यांची रांग बघत मागंच राहिला आणि तो सापडेपर्यंत माझ्या पोटात गोळा. तेव्हापासून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. चुकलास तर आहेस तिथंच थांब आणि तीनदा वाजव, एवढं घरीच पाठ करून घ्या.

सोबत पाणी, भडंग, वही-पेन्सिल, भिंग आणि जांभ्याचा, म्हणजे तांबड्या भोकाभोकांच्या दगडाचा, एक तुकडा. जांभा कशाला? तर गडाच्या काळ्या दगडावर थोडं पाणी टाकायचं आणि जांभ्यावर पण टाकायचं. जांभा पाणी पिऊन टाकतो, काळ्यावर ते बराच वेळ तसंच राहतं. मग सांगा की हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. आधी सांगितलंत तर कुणी ऐकत नाही, पाणी टाकल्यावर ऐकतात.

सुटा दगड उलटून खाली काय आहे बघायचं असेल तर ते मोठ्यांनीच करायचं, काठीनं पलीकडची कड आपल्याकडं उचलायची, म्हणजे विंचू निघाला तर मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा, खाली कुणाचं तरी घर असतं.

वर सपाटीवर दहा-साडेदहाला होकायंत्राचा खेळ. हातभर काठी सरळ रोवा, सावलीच्या टोकाला खडा ठेवा, वीस मिनिटांनी सावली सरकली की नव्या टोकाला दुसरा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. पहिला डाव्या हाताला नि दुसरा उजव्या हाताला येईल असं उभं राहिलं की तोंड उत्तरेला. हे ढोबळ असतं, दुपारच्या जवळ केलं तर जास्त बरोबर येतं. मग पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर, पश्चिमेला यवतेश्वराचा, नैऋत्येला सज्जनगड त्यांनाच शोधू द्या, मोबाईल खिशातच ठेवा. मधली वीस मिनिटं भडंग खायची आणि १७०० साली औरंगजेबानं गड घेऊन आझमतारा नाव ठेवलं, पुढं ताराराणींनी परत घेतला ही गोष्ट. "परत कसा घेतला?" असं हमखास विचारतात, तेव्हा वाचून जा.

कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा न करता लांब व्हा, त्या दिवशी अत्तर-बित्तर लावायचंच नाही. साप दिसला की थांबायचं, मागं सरकायचं, दगड मारायचा नाही. चावलाच तर घट्ट बांधणं, चिरा देणं, मांत्रिक काही नको, पोराला हलू देऊ नका, १०८ लावा आणि थेट सरकारी दवाखाना.

घरी आल्यावर निबंध लिहायला लावू नका राव! मोज्यांना चिकटलेली कुसळं मात्र फेकू नका, कुंडीतल्या ओल्या मातीत पेरा आणि कुठल्या पोराच्या मोज्यातून काय उगवतंय त्याची चिठ्ठी कुंडीला लावा. काही कुंड्यांत काहीच येणार नाही, तरी रोज सकाळी पाणी घालायला पोरगं आपल्या आधी उठलेलं असतं.