सुरीच्या पाठीवरची वेल: कानस हातात घेण्याआधी

हाताने घडवलेल्या सुरीच्या पाठीवर कानशीने काढलेली वेल पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं की ज्याचा हात चित्रकाराचा त्याचंच हे काम. तीनेक वर्षं कानस मारल्यावर माझं मत बदललंय. हा आधी मोजमापाचा मामला आहे, हाताचा नंतर.

माझी पहिली वेल टोकाकडून सुरू झाली आणि मुठीपाशी येऊन फसली. खाचा अंदाजाने मारत गेलो होतो. शेवटी दीड खाचेची जागा उरली. ना पूर्ण खाच बसेना, ना जागा मोकळी सोडवेना. दोन संध्याकाळी पाण्यात.

आता आधी पाठ निळ्या मार्करने रंगवतो, मधोमध बारीक रेघ ओढतो आणि कंपासने दोन्ही कडांवर खुणा करतो. सुरीची पोलादी पट्टी 4 मिलिमीटर जाड असेल तर एका कडेच्या खुणा 8 मिलिमीटरवर. समोरच्या कडेच्या खुणा बरोबर त्यांच्या मधे. मग 4 मिलिमीटरची गोल कानस पाठीला आडवी धरून एका बाजूला साधारण 45 अंश कलती करायची आणि खाच मधल्या रेघेच्या किंचित पलीकडे जाईपर्यंत कापायची. एका बाजूच्या सगळ्या खाचा झाल्या की पट्टी फिरवून दुसरी बाजू. पण एकेक खाच पूर्ण करत जाऊ नका. आधी सगळीकडे चार-पाच हात मारा, नजर टाका, मग खोल जा. खाच हलकी असताना चूक सरकवता येते.

नजर खाचेवर ठेवू नका, दोन खाचांमधून नागमोडी जाणारी जी पट्टी उरते तिच्यावर ठेवा. वेल ती आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कळलं त्या दिवसापासून काम सुधारलं.

कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना उचला. घासत आणलीत तर दाते बोथट होतात. दात्यांत कीस अडकला की तोच खाचेत ओरखडे काढतो, म्हणून कानशीवर खडू चोळायचा आणि तारेच्या ब्रशने वरचेवर झाडायची. पट्टी घट्ट पकडणाऱ्या व्हाइसच्या जबड्यांना तांब्याची किंवा चामड्याची गादी हवीच, नाहीतर वेल सुंदर आणि बाजूला जबड्याचे दात उमटलेले. (माझ्याकडे अशी एक सुरी आहे. वापरतो मीच.)

हे सगळं सुरीला पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून, बुडवून कडक करण्याआधी, पोलाद मऊ असताना. पाणी दिलेल्या पात्यावर कानस नुसती घसरते. पण म्हणूनच एक धोका येतो. वेलीला काटे काढायचे तर दोन खाचांमधल्या टेकाडावर, वळणाला खेटून, त्रिकोणी कानशीने तिरकी चीर देतात. मी ते हौसेने पात्याच्या पाठीवरही काढले. तापवलेलं पातं तेलात बुडवलं आणि 'टिंग' असा आवाज आला. बाहेर काढलं तर एका काट्याच्या टोकापासून धारेकडे केसासारखी चीर. खाचेचा तळ टोकदार असला की सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल तळात तो पसरतो. तेव्हापासून पात्यावर फक्त गोल खाचा आणि त्याही 400 च्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या. पेपर बारीक सळीला गुंडाळायचा. काटे मुठीतल्या भागावर, जो मी मऊच ठेवतो.

फ्रान्समधल्या लायोल (Laguiole) पद्धतीच्या घडीच्या चाकूंवर पाठीच्या स्प्रिंगवर असं काम असतं. फोटो मोठा करून बघा, खाचांची ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते. शिकायचं ते तिथे.

पहिल्या पाच वेली भंगार पट्टीवर काढा, सुरीवर नको. पट्टी मात्र सुरीच्या पाठीइतकीच जाड घ्या. जाडी बदलली की खुणांचं अंतर बदलतं.

मुठीतल्या खाचांत घाम आणि मळ साचतो. मूठ चिकटवताना त्या काळ्या रंगाच्या इपॉक्सीने भरून टाका आणि सुकल्यावर सपाट घासा. नक्षी उठूनही दिसते, काळ्यावर पांढरी.