काळ्या वाळूची कुसळं आणि रबराची पट्टी

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला 'काळा समुद्र' म्हणतात. काळी असते ती वाळू. लहानपणी बाबांनी बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दिलं होतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी वाळूतून फिरवायचे. काळे कण पिशवीवर कुसळांसारखे ताठ उभे राहायचे आणि चुंबक काढलं की गळून पडायचे. ते कण मॅग्नेटाइटचे, हे बीएस्सीला कळलं. एमएस्सीच्या प्रकल्पात मऊ चुंबकी सूक्ष्मरचना, म्हणजे चुंबकाने हलणाऱ्या रबराच्या बारीक रचना, करायला घेतल्या आणि तीच कुसळं पुन्हा समोर आली. सिलिकॉन रबर ओलं असताना त्यात लोखंडाची भुकटी मिसळायची, खाली चुंबक धरायचं. द्रवातून बारीक केस उभे राहतात. चुंबक तसंच ठेवून उष्णता दिली की ते केस रबराचे होऊन कायम राहतात. नंतर चुंबक हलवलं की वाऱ्यावर भात डोलावा तसे ते डोलतात. ना तार, ना बॅटरी.

या विषयात येणाऱ्यांनी एक फरक आधी पक्का करावा. लोखंडाची भुकटी चुंबक दूर गेलं की चुंबकत्व विसरते. निओडिमियम-लोह-बोरॉनची भुकटी ते धरून ठेवते, त्यामुळे पट्टीच्या कुठल्या भागात कुठल्या दिशेचं चुंबकत्व भरायचं हे आपण ठरवू शकतो. २०१८ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ३.७ मिलिमीटर लांब, १८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड अशी पट्टी गोल गुंडाळून मगच तीव्र चुंबकी क्षेत्रात ठेवली. उलगडल्यावर तिच्यातल्या चुंबकत्वाची दिशा लाटेसारखी बदलत जाणारी उरली. बाहेरचं क्षेत्र बदलत गेलं तशी ती पट्टी चालली, उडी मारली, पोहली. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आता कामाचं. पीडीएमएस नावाचं सिलिकॉन दोन भागांत येतं. वजनाने दहा भाग मूळ द्रवाला एक भाग घट्ट करणारा द्रव घ्यायचा, तेही अंदाजाने नाही, काट्यावर. भुकटी घालून खूप घोटायचं, मग निर्वात डब्यात ठेवून बुडबुडे काढायचे आणि साच्यात ओतायचं. घाई केली तर बुडबुडा आत राहतो आणि पट्टी नेमकी तिथेच फाटते.

माझी पहिली पट्टी मी खोलीच्या तापमानाला दोन दिवस ठेवली. लोखंड रबराच्या जवळपास आठपट जड, त्यामुळे सगळी भुकटी तळाला बसली. वर पारदर्शक, खाली काळंभोर. शंभर अंशांना हेच पीडीएमएस साधारण ३५ मिनिटांत घट्ट होतं, भुकटीला बुडायला तेवढा वेळच मिळत नाही. दुसरी पट्टी चिकटच राहिली. मी लॅटेक्सचे हातमोजे घातले होते. त्यातलं गंधक रबर घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करतं. नायट्राइलचे मोजे घ्या. थ्रीडी प्रिंटरच्या काही रेझिनचे साचेही असाच त्रास देतात. आणि आपल्याकडचा पाऊस! जुलैत डब्याचं झाकण सैल राहिलं आणि भुकटी तांबूस होऊन तिच्या गुठळ्या झाल्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. भुकटी हाताळताना तोंडाला मास्क लावा. निओडिमियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, तेव्हा ती घरी आणू नका.

चाचणीच्या वेळी बहुतेक जण चुंबक जवळ नेतात आणि पट्टी त्याला जाऊन चिकटते. एकसारख्या क्षेत्रात पट्टी ओढली जात नाही, फक्त वळते. ओढ लागते ती क्षेत्र जागोजागी कमीजास्त असलं की. म्हणून समोरासमोर दोन वेटोळी ठेवून एकसारखं क्षेत्र तयार करायला शिका. तांब्याची तार, वीजपुरवठा आणि थोडं गणित, एवढ्यावर भागतं.

मायक्रॉनमधले साचे मात्र सहसा स्वच्छ कक्षात, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेल्या प्रयोगशाळेत, होतात आणि कोकणातल्या कॉलेजात तो मिळणं कठीण. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रशिक्षण मिळत आलं आहे. आपल्या सरांना किंवा मॅडमना त्याबद्दल आवर्जून विचारा.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. वजनं, तापमान, वेळ, हवेतली आर्द्रता, सगळं लिहा आणि बिघडलेले नमुने टाकू नका. पीएचडीच्या मुलाखतीला मी तळाला भुकटी बसलेली ती पहिली पट्टी नेली होती. परीक्षकांनी ती उजेडाकडे धरली आणि पुढचा अर्धा तास आम्ही तिच्यावरच बोललो.