कॉकपिटमधली थरथर खरी वाटावी म्हणून: लढाऊ सिम्युलेटरमधील कंपनांची बांधणी

लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरमध्ये कंपनाकडे वेगमापक किंवा उंचीमापक यांच्याइतकेच महत्त्वाचे उपकरण म्हणून पाहावे लागते. घरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वळणातला जी-भार जाणवत नाही आणि साध्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर हवेचा ताणही हाताला लागत नाही; त्यामुळे पंख आता साथ सोडणार आहेत ही सूचना त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आवाज, पडद्याची थरथर आणि खुर्चीखालचे कंपन यांनाच करावे लागते. म्हणून स्वतःचा सिम्युलेटर लिहिणाऱ्याने, मॉड, म्हणजे तयार सिम्युलेटरमध्ये केलेले बदल, बनवणाऱ्याने किंवा घरच्या कॉकपिटची जुळणी करणाऱ्याने एक शिस्त पाळावी: प्रत्येक कंपनाचे यांत्रिक कारण, त्याची वारंवारता आणि त्यातून वैमानिकाला काय कळायला हवे, हे लिहून काढल्याशिवाय एकही स्लायडर हलवू नये. येथे उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर मार्क ९ घेतले आहे, कारण ‘डीसीएस वर्ल्ड’ आणि ‘आयएल-२ ग्रेट बॅटल्स’ या दोन्ही संगणकीय सिम्युलेटरांत ते उडवता येते आणि त्याच्या यंत्रणेचे आकडे सहज मिळतात.

सुरुवात इंजिनापासून करावी, कारण तिथे अंदाज बांधावाच लागत नाही. स्पिटफायरचे मर्लिन ६६ इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. मधल्या गिअरचे प्रमाण ०.४७७ असल्यामुळे प्रोपेलर सेकंदाला सुमारे २४ फेरे घेतो, त्याला चार पाती असल्यामुळे पात्यांचे ठोके सेकंदाला ९५ च्या आसपास पडतात, आणि बारा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला सहा स्फोट होत असल्याने स्फोटांची वारंवारता ३०० हर्ट्झ येते. फेरे २,००० वर आणले की हे तिन्ही आकडे त्याच प्रमाणात उतरून साधारण १६, ६४ आणि २०० होतात. म्हणून इंजिनासाठी एकच ध्वनिफाइल सतत वाजवत ठेवण्याऐवजी या तिन्ही लहरी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) बांधून ठेवाव्यात. त्यांतली सर्वांत वरची लहर हेडफोनकडे सोपवावी आणि खालच्या दोन बास-शेकरला, म्हणजे खुर्चीला बसवून कमी वारंवारतेच्या लहरी अंगाला जाणवून देणाऱ्या उपकरणाला, द्याव्यात. बहुतेक शेकर २० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात जोमाने काम करतात, त्यामुळे ९५ हर्ट्झच्या लहरीची पातळी थोडी चढी ठेवावी लागेल.

पडद्याला मात्र यातले काहीही देऊ नये. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ३० पेक्षा अधिक आंदोलने दाखवूच शकत नाही, आणि त्याच्या जवळपासची आंदोलने दाखवायला गेले तर चित्र तुटक होते. इंजिन सुरू होतानाचे पहिले काही क्षण हा याला अपवाद आहे. एकेक सिलिंडर पेट घेत असताना विमानाचे नाक मंद आणि अनियमित लयीत डुलते, आणि तो डोल कॅमेऱ्यावर फार छान दिसतो. एरवी इंजिनाची जाणीव डोळ्यांना द्यायचीच असेल, तर डायलचे काटे आणि आरशाची काच किंचित थरथरू द्यावी.

स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल एकदम ढासळण्याच्या, आधी येणारी थरथर, म्हणजे बफेट, हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढत गेला की प्रवाह पृष्ठभागापासून सुटू लागतो आणि ती विस्कटलेली हवा धडावर आणि शेपटीवर आदळते. स्पिटफायरचा पंख मुळाशी २ अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश असा पिळलेला असल्यामुळे प्रवाह आधी मुळाशी सुटतो. एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) अजून काम करत असतात आणि विमान थरथरून वैमानिकाला सावध करते. लढतीत घट्ट वळण घेणारा वैमानिक याच थरथरीच्या काठावर विमान धरून ठेवतो. म्हणून या परिणामाला चालू आणि बंद एवढ्या दोनच अवस्था असून चालणार नाही. फ्लाइट मॉडेलमधल्या (विमानाचे उड्डाण ठरवणाऱ्या गणितातल्या) स्टॉलच्या कोनाच्या दोन ते तीन अंश आधी तो अगदी सूक्ष्म सुरू व्हावा, आणि काठाशी पोहोचेपर्यंत गुळगुळीत चढत जावा.

तीव्रतेचा दुसरा घटक हवेचा गतिज दाब हा आहे, आणि अनेक मॉडमध्ये तोच विसरला जातो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे त्याच घनतेच्या हवेत ताशी २५० मैलांच्या वळणातला बफेट ताशी १२५ मैलांच्या बफेटच्या सुमारे चौपट दणकट असायला हवा. उतरताना येणारी थरथर हलकी आणि लढतीतली थरथर कवटीपर्यंत पोहोचणारी असा फरक यातून आपोआप निर्माण होतो. लहरीचा आकार साइन घेऊ नये. नियमित लय कानाला आणि डोळ्याला लगेच यांत्रिक वाटते. पर्लिन नॉइजसारखा सलग यादृच्छिक संकेत घेऊन तो साधारण ८ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात गाळावा, आणि त्याची गणना फ्रेमवर अवलंबून न ठेवता सेकंदांवर ठेवावी; अन्यथा १४४ फ्रेमच्या संगणकावर आणि ४० फ्रेमच्या संगणकावर एकाच विमानाचे वर्तन निरनिराळे भासेल.

बंदुकांच्या बाबतीत प्रथम गोळीबाराचा वेग पाहावा. स्पिटफायरची २० मिलिमीटर हिस्पानो तोफ मिनिटाला सुमारे ६०० गोळे सोडते, म्हणजे सेकंदाला १०. हे ठोके माणसाला सुटे सुटे जाणवतात आणि पडद्यावरही तसेच दाखवता येतात. दोन्ही पंखांतल्या तोफा एकाच क्षणी उडत नाहीत, म्हणून त्यांच्या लयीत थोडा फरक ठेवावा. एफ-१६ या जेट विमानातली व्हल्कन तोफ मिनिटाला ६,००० आणि ए-१० या जेट विमानातली जीएयू-८ तोफ मिनिटाला ३,९०० गोळे सोडते. अनुक्रमे १०० आणि ६५ हर्ट्झचा हा अखंड गुरगुराट असतो. तिथे प्रत्येक गोळ्यामागे कॅमेऱ्याला धक्का देणे चूक आहे. शेकरवर ती वारंवारता वाजवावी आणि पडद्यावर फक्त बारीक, अनियमित थरथर ठेवावी.

यानंतरचा निर्णय सर्वांत नाजूक आहे: नक्की हलवायचे काय? रिफ्लेक्टर गनसाइटची, म्हणजे काचेवर नेमाची खूण दाखवणाऱ्या साधनाची, प्रतिमा अनंत अंतरावर भासते, त्यामुळे वैमानिकाचे डोके दोन सेंटिमीटर सरकले तरी रेटिकल (नेमाची खूण) लक्ष्यावरच राहते आणि फक्त चौकट सरकलेली दिसते. नुसता कॅमेरा फिरवला तर रेटिकल, लक्ष्य आणि क्षितिज एकत्र हलतात. नेमबाजीत काहीच फरक पडत नाही, पण डोळे मात्र शिणतात. गोळीबाराने नेम खरोखर ढळावा असे वाटत असेल, तर तो धक्का फ्लाइट मॉडेलमध्ये, विमानाच्या धडाला द्यावा. डोक्याच्या हालचालीसाठी कॅमेरा एका स्प्रिंग-डँपरवर, म्हणजे स्प्रिंग आणि तिची आंदोलने शमवणारा घटक यांच्या गणिती जोडीवर, टांगावा. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेत ४ ते ६ हर्ट्झला सर्वाधिक प्रतिसाद देते, म्हणून स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता ५ हर्ट्झच्या आसपास आणि डँपिंगचे प्रमाण ०.३ ते ०.४ ठेवून पाहावे. या स्प्रिंगला आसनाच्या जागेचे प्रवेग पुरवले की धावपट्टीचे सांधे, चाके टेकतानाचा गचका आणि अंगावर बसलेला गोळा यांसाठी वेगळी ॲनिमेशन लिहावी लागत नाहीत.

कोनीय थरथर अंशाच्या काही दशांशांपलीकडे नेऊ नये, आणि ती दृश्यकोनाच्या प्रमाणात कमी-जास्त करावी. ८० अंशांवर सुखद वाटणारी थरथर ३० अंशांच्या झूममध्ये अडीच पटींहून अधिक मोठी दिसते. अनेक कारणे एकत्र आली तर त्यांच्या तीव्रतांची सरळ बेरीज न करता वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे. व्हीआरमध्ये (डोक्यावर चढवायच्या पडद्यात) कॅमेऱ्याची थरथर पूर्ण बंद असावी, कारण डोके स्थिर असताना जग हलले की मळमळ होते. तिथे सर्व भार खुर्ची आणि आवाज यांच्यावर टाकावा.

तयार सिम्युलेटरला शेकर जोडणाऱ्यांसाठी डीसीएसमध्ये ‘सेव्ह्ड गेम्स’च्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधली ‘एक्स्पोर्ट.लुआ’ ही फाइल प्रवेग, अँगल ऑफ अटॅक (हवेशी पंखाचा कोन) आणि वेग बाहेर पाठवू शकते. काही मल्टिप्लेयर सर्व्हरवर मात्र ही निर्यात बंद असते. शेकरसाठी वेगळे साउंड कार्ड वापरले म्हणजे हेडफोनचा आवाज त्यात मिसळत नाही.

शेवटी चाचणी घ्यावी. वेगमापक आणि जी-मापक झाकून, दुसऱ्या कुणाला तरी स्पिटफायर घट्ट वळणात धरायला सांगावे. त्याला केवळ थरथरीवरून स्टॉलच्या काठावर पूर्ण फेरा मारता आला, तर पातळ्या जुळल्या आहेत. त्याला बफेट उशिरा कळत असेल, तर बफेट वाढवण्याआधी इंजिनाची पातळी उतरवून पाहावी, कारण बहुतेक वेळा तीच वाट अडवून बसलेली असते.